युद्धाच्या विज्ञानकथा आणि खुर्द्याचा हिशेब

पूर्वभाग (धागाकर्ता)

पानिपतच्या पराभवाची बातमी देणारं ते सांकेतिक पत्र आपण शाळेपासून ऐकत आलोय. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गमावल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्यांवर कादंबऱ्या झाल्या, मोहरांवर पोवाडे झाले. खुर्द्याच्या, म्हणजे साध्या शिपायांच्या, घरी पुढं काय झालं ते कुणी फारसं विचारलं नाही.

युद्धावरची विज्ञानकथा वाचताना मी एवढंच बघतो, की या लेखकाला खुर्दा दिसतो का. बहुतेक सिनेमांना दिसत नाही. अख्खं शहर जमीनदोस्त होतं आणि पुढच्या दृश्यात नायक कपडे झटकत उभा. त्यांच्याबद्दल इथं नको बोलूया. मारणाऱ्याच्या आणि मरणाऱ्याच्या जवळ जाऊन थांबतात त्या गोष्टींबद्दल बोलू.

सुरुवात एच. जी. वेल्सपासून करतो. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ साली पुस्तकरूपात आली तेव्हा इंग्रजांचं साम्राज्य ऐन भरात होतं. पहिल्याच प्रकरणात वेल्स म्हणतो, मंगळावरून आलेल्यांना निर्दय ठरवण्याआधी आपल्या लोकांनी टास्मानिया बेटावरच्या मूळ माणसांचं काय केलं, त्यांना कसं संपवलं, ते आठवा. आणि मग तो लंडनच्या वाचकालाच रस्त्यावर आणतो. गाठोडी, हातगाड्या, चुकामूक झालेली माणसं, गाडीत शिरण्यासाठी रेटारेटी. लांबच्या वसाहतींत रोज घडत होतं ते वाचकाच्या गल्लीत आणायला त्याला परग्रहावरचं सैन्य आणावं लागलं. तोफा आणि उष्णकिरण यांच्यामुळं ती कादंबरी गाजली असेल, पण आज वाचताना लक्षात राहतो तो त्या रस्त्यावरचा पळ.

दुसरं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक, जो हाल्डमनचं 'द फॉरएव्हर वॉर', १९७४. हाल्डमन भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकलेला. सक्तीच्या भरतीत व्हिएतनामला गेला, जखमी होऊन परतला. त्याचा नायक मँडेलाही विज्ञान शिकलेला, त्यालाही असंच उचलून ताऱ्यांकडं लढायला पाठवतात. यान प्रकाशाच्या वेगाजवळ जातं, त्यामुळं मोहिमेवर त्याचे महिने जातात आणि घरी दशकं उलटतात. पहिल्यांदा परत येतो तेव्हा वडील गेलेले, आई थकलेली, आणि जग असं बदललेलं की त्याला तिथं जागाच नाही. शेवटी तो पुन्हा सैन्यात भरती होतो. युद्धाची ओढ वगैरे काही नाही, त्याला ओळखणारी माणसं आता फक्त तिथंच उरलीत. सापेक्षतेचं एक समीकरण घेऊन त्यानं सगळ्या परतलेल्या सैनिकांचं दुःख सांगितलं. मला वाटतं, विज्ञानकथा हे करू शकते आणि साधी युद्धकथा करू शकत नाही.

मराठीत काय आहे? जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचं पानिपत' आहेच. विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा इतिहास दुसऱ्या रुळावर जातो. कल्पना जबरदस्त आहे, ती कितीही वेळा वाचली तरी अंगावर काटा येतो. पण तीही मोत्याचीच गोष्ट आहे. एक राजपुत्र, एक गोळी. मराठे जिंकले असते तरी खुर्दा गेलाच असता.

तुम्ही काय वाचलंय ते लिहा. शेवट सांगायला हरकत नाही, पण आधी इशारा द्या.

होटगीरोड

धागा मस्त. मी फक्त सिनेमेच पाहिलेत. सुरुवात कुठून करू?

पूर्वभाग

वेल्सपासून करा. भा. रा. भागवतांनी वेल्स आणि ज्यूल्स व्हर्न दोघांनाही मराठीत आणलंय, जुन्या वाचनालयात सापडतील. हाल्डमन इंग्रजीतच वाचावा लागेल, पण भाषा सोपी आहे.

पदार्थविज्ञान_टीवायला

सर, त्या वेळेच्या फरकाचा हिशेब मी करून बघितला, इथं टाकतो. यानाचा वेग प्रकाशवेगाच्या ९० टक्के असेल तर यानातल्या एका वर्षात घरी साधारण २.३ वर्षं जातात. ९९ टक्क्यांना ७.१ वर्षं. ९९.९ टक्क्यांना २२.४. आणि ९९.९९ टक्क्यांना जवळजवळ ७१ वर्षं. म्हणजे शेवटच्या दशांशात सगळा संसार जातो. वेग वाढवायचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला हे गणित माहीत असतं, आणि तरी तो हुकूम देतो.

मला त्यातली अजून एक गोष्ट फार भारी वाटली. दोन्ही बाजूंची यानं अशा वेगानं फिरत असल्यामुळं समोर येणारा शत्रू आपल्या 'आज'मधला असेलच असं नाही. तो आपल्याहून शंभर वर्षं पुढची शस्त्रं घेऊन येऊ शकतो. सेनापतीनं कितीही डोकं लावलं तरी प्रत्येक लढाईआधी त्याची माहिती शिळी झालेली. सगळे डावपेच या एका भौतिक नियमापुढं आडवे होतात.

सुभेदार_मंगळवेढा

मी सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात होतो, आता निवृत्त आहे. मुलानं हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

हाल्डमनचं पुस्तक मी वाचलेलं नाही, पण तुम्ही जे सांगितलं ते खरं आहे. त्याला प्रकाशाचा वेग लागत नाही. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचं. सोलापूर स्टेशनावर पहाटे उतरायचं, एसटीनं गाव गाठायचं. घरात शिरलं की पोरगी आईच्या मागं लपायची. सुट्टी संपत आली की ती अंगाखांद्यावर खेळायला लागायची, आणि तेव्हाच ट्रंक बांधायची वेळ. घरच्यांनी आपल्यावाचून चालवायची सवय लावून घेतलेली असते. त्यांनी ती लावूनच घ्यायला पाहिजे, नाहीतर घर चालणार कसं. पण आपण आपल्याच घरात पाहुणे असतो.

आता माझी तक्रार. युद्धाविरुद्ध लिहिणारे बहुतेक लेखक जवानाला एक तर मूर्ख दाखवतात, नाहीतर बिचारा. आम्ही दोन्ही नव्हतो. रॉबर्ट हाइनलाइनचं 'स्टारशिप ट्रूपर्स' मी मुलाच्या कपाटातून घेऊन वाचलं. त्यातलं ट्रेनिंग मला पटलं. एकाची चूक सगळ्या सेक्शनला भोगावी लागते, शेजारच्यासाठी माणूस पुढं जातो, हे अगदी तसंच असतं. त्या पुस्तकाला इथं कुणी झोडपण्याआधी हे लक्षात घ्या.

पूर्वभाग

काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि झोडपायचं तर नाहीच. फक्त एक सांगतो. हाइनलाइन १९२९ साली अमेरिकेच्या नौदल अकादमीतून बाहेर पडला आणि क्षयामुळं १९३४ मध्येच त्याला सेवा सोडावी लागली. प्रत्यक्ष लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. 'स्टारशिप ट्रूपर्स' १९५९ चं. त्यात शिस्त आहे, भाऊबंदासारखी माया आहे, पण लढाईनंतरची रात्र नाही. शत्रू किडे आहेत, त्यामुळं त्यांच्या घरी कोण वाट बघत होतं हा प्रश्नच उठत नाही. शत्रूला किडा केलं की खुर्दा आपोआप मोजणीतून जातो. म्हणून ते पुस्तक आणि हाल्डमनचं पुस्तक एकामागोमाग एक वाचावं असं मला वाटतं.

सुभेदार_मंगळवेढा

किड्यांची गोष्ट मान्य. लढाईनंतरच्या रात्रीबद्दल तुम्ही म्हणता तेही मान्य. त्याबद्दल आम्ही आपसातसुद्धा बोलत नाही.

साखरपेठेतली_अक्का

मी मराठी शिकवत होते, आता घरीच असते. मला अर्सुला ले ग्विनच्या 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' या १९७२ च्या लघुकादंबरीबद्दल लिहायचंय, कारण ती वाचल्यापासून मला आपल्या गावाकडं बघायची नजर बदलावी लागली. शेवट सांगणार आहे.

अथ्शी नावाच्या ग्रहावर, म्हणजे ज्याला ते लोक जंगलच म्हणतात तिथं, हिरवट केसाळ अंगाची लहानखुरी माणसं राहतात. एकमेकांना मारणं त्यांना माहीत नाही. पृथ्वीवरून आलेले लोक त्यांची झाडं तोडतात, त्यांना राबवतात. सेल्व्हर नावाच्या एकाची बायको एका कॅप्टनच्या अत्याचारानं मरते. सेल्व्हर उठाव करतो. तो जिंकतो. पृथ्वीचे लोक ग्रह सोडून जातात. इथं दुसऱ्या एखाद्या लेखकानं ढोल वाजवले असते. ले ग्विनचा सेल्व्हर शेवटी सांगतो, की आता आम्हाला एकमेकांना मारता येत नाही असं सोंग घेण्यात अर्थ नाही. झाडं परत उगवतील. ही शिकलेली विद्या परत जाणार नाही. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना तिनं हे लिहिलं.

आता सोलापूर. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, ८ तारखेला इथं गोळीबार झाला, लोक पेटले, काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. १२ मेला मार्शल लॉ लागला. नुसता तिरंगा हातात धरला म्हणून माणसं आत गेली. दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. तो आरोप खोटा होता असंच आपलं गाव मानतं, मीही मानते. दर १२ जानेवारीला चौघांच्या पुतळ्यांना हार घालायला मी जाते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी असते, नंदीध्वजांची तयारी चाललेली असते, पण जाते.

ले ग्विन वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं, ते दोन पोलीस कोण होते? त्यांच्या घरचं काय झालं? हा प्रश्न विचारल्यानं माझ्या चार हुतात्म्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. अन्याय करणारं सरकारच होतं आणि त्या दोघांच्या मरणाचा भारही त्याच सरकारवर आहे. पण पूर्वभाग म्हणतात तो खुर्दा दोन्ही बाजूंना असतो, हे मला परग्रहावरच्या गोष्टीनं शिकवलं. घरातली गोष्ट असती तर मी ऐकूनच घेतलं नसतं.

पूर्वभाग

अक्का, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. विज्ञानकथेचं मोठेपण मी वर एवढं लांबण लावून सांगितलं, ते तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आलं.

नंदीध्वज

आपल्याकडं हे सगळं महाभारतात येऊन गेलंय. कुणी अणुबॉम्बचा दावा करतोय असं समजू नका, मी गोष्टीबद्दल बोलतोय. सौप्तिक पर्व काढून वाचा. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघं अस्त्र सोडतात. ऋषी मध्ये पडल्यावर अर्जुनाला ते परत घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही. सोडायचं शिकला, परत घ्यायचं शिकला नाही. मग तो ते पांडवांच्या सुनांच्या गर्भांवर वळवतो. शस्त्र बनवणाऱ्यांवर आजवर जेवढं लिहिलं गेलं त्याचं मूळ मला या एका प्रसंगात दिसतं. त्याच्या पुढंच स्त्रीपर्व आहे. गांधारी रणांगणावर फिरते आणि एकेक प्रेत ओळखते. खुर्द्याची मोजणी व्यासांनी केलेली आहे.

पदार्थविज्ञान_टीवायला

परत घेता न येण्यावरून आठवलं. वेल्सनं १९१४ च्या 'द वर्ल्ड सेट फ्री'मध्ये 'अणुबॉम्ब' हा शब्द वापरला आणि विमानातून हातानं टाकायचे, दिवसेंदिवस जळत राहणारे बॉम्ब रंगवले. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञानं ते पुस्तक १९३२ मध्ये वाचलं आणि १९३३ मध्ये लंडनमध्ये त्याला, ज्यावर अणुबॉम्ब चालतो त्या साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. पुढं याच झिलार्डनं १९४५ मध्ये जपानवर बॉम्ब टाकण्याआधी विचार करा म्हणून शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. अर्ज अडकला, बॉम्ब पडले. ज्यानं गोष्ट वाचून धोका ओळखला त्यालाच ते अस्त्र परत घेता आलं नाही.

मागवाला

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात टॉवेलचे माग आहेत, दिवसभर खडखडाट. रात्री मोबाईलवर वाचतो. सध्या कर्ट व्हॉनेगटचं 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' वाचायलोय, १९६९ चं. त्यातला एक तुकडा सांगतो.

बिली नावाचा म्हातारा होत चाललेला माणूस रात्री टीव्हीवर युद्धाचा सिनेमा बघतो. त्याची वेळेची जाणीव बिघडलेली आहे, त्यामुळं त्याला तो सिनेमा उलटा दिसतो. भोकं पडलेली विमानं, जखमी माणसं भरलेली, मागं मागं उडत जातात. खाली शहर जळत असतं. विमानं त्या आगी गोळा करतात, लोखंडी नळकांड्यांत बंद करतात आणि पोटात उचलून घेतात. परत कारखान्यात जातात. तिथं बायका रात्रंदिवस राबून ती नळकांडी सोडवतात, आतला माल वेगळा करतात. मग तो माल लांब लांब नेऊन जमिनीत पुरतात, कुणाला पुन्हा सापडू नये म्हणून.

वाचून मी माग बंद करून बसलो. कापडात चूक गेली की आम्ही माग थांबवतो, आडवे धागे एकेक करून मागं काढत जातो, चुकीपर्यंत पोचलो की पुन्हा विणायला घेतो. बोटं सोलतात, पण काढता येतं. त्या माणसानं अख्ख्या लढाईचे धागे तसे मागं काढले हो. आणि वाचणाऱ्याला ठाऊक असतं की हे असं होत नाही. त्या पानावर एक पण शिवी नाही, युद्ध वाईट असतं असं एक पण वाक्य नाही.

त्या बायका लक्षात राहिल्या. बॉम्ब सोडवणाऱ्या. खरं तर त्या भरणाऱ्या होत्या ना. आमच्या पेठांत घराघरात बायका कांड्या भरतात, टॉवेल शिवतात, माल कुठं जातो ते त्यांना कोण सांगतंय.

पूर्वभाग

मागवाला, व्हॉनेगट स्वतः जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी होता. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ मध्ये शहरावर बॉम्ब पडले तेव्हा तो खाटीकखान्याच्या तळघरात, मांस साठवायच्या खोलीत होता, म्हणून वाचला. नंतर कैद्यांना प्रेतं काढायला लावली. ते लिहायला त्याला वीस वर्षांवर काळ लागला, आणि साध्या पद्धतीनं ते लिहिताच येईना म्हणून परग्रहवासी आणि काळातल्या उड्या आल्या.

पदार्थविज्ञान_टीवायला

एक दुरुस्ती इथं नोंदवतो, कारण हिशेबाचाच धागा आहे. त्या पुस्तकात ड्रेस्डेनच्या मृतांचा आकडा १,३५,००० असा येतो. तो त्या काळी छापून आलेल्या एका इतिहासातून घेतलेला, पुढं तो चुकीचा ठरला. इतिहासकारांच्या आयोगानं २०१० मध्ये जास्तीत जास्त २५,००० असा निष्कर्ष दिला.

साखरपेठेतली_अक्का

बरं केलंस बाळा. आणि हेही लिहून ठेव, की पंचवीस हजार म्हटल्यावर 'मग कमीच' असं मनात येतं. तसं येऊ द्यायचं नाही.

बार्शीचे_गुरुजी

मी आठवी-नववीला शिकवतो, म्हणून ऑर्सन स्कॉट कार्डच्या 'एंडर्स गेम'वर तुम्हा सगळ्यांचं मत हवंय. १९८५ ची कादंबरी, २०१३ मध्ये सिनेमाही आला. वर्गातल्या मुलांनी तो पाहिलाय. शेवट सांगतो.

हुशार मुलांना लहानपणीच वेचून युद्धशाळेत नेतात. एंडर त्यातला सर्वांत हुशार. शेवटची परीक्षा म्हणून त्याला पडद्यावर एक लढाई देतात. तो सगळे नियम मोडून शत्रूचा अख्खा ग्रह उडवतो, म्हणजे आता तरी हे लोक आपल्याला नापास करून सोडतील. मग कळतं, परीक्षा नव्हतीच. खरी जहाजं होती, खरी माणसं मेली, शत्रूची जात संपली.

वर्गात निम्मी मुलं म्हणाली त्याचा काय दोष, त्याला माहीत नव्हतं. मला हे उत्तर टोचतं. पुस्तकच तसं रचलंय की मारूनही हात स्वच्छ राहावेत.

पूर्वभाग

मलाही ते टोचतं. पण १९८६ चा पुढचा भाग, 'स्पीकर फॉर द डेड', वाचल्यावर माझं मत थोडं मऊ झालं. त्यात एंडर सगळं आयुष्य मेलेल्यांची खरी कहाणी सांगत हिंडतो. हात स्वच्छ नव्हते हे त्याला स्वतःला पटलेलं आहे. त्यापेक्षा मोठा प्रश्न मला मुलांना पडद्यापुढं बसवणाऱ्यांचा वाटतो. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनीच ठरवलं होतं की दयाळू मुलगाच शत्रूला समजू शकेल, आणि माहीत असलं तर तो मारणार नाही, म्हणून त्याला सांगायचंच नाही. मुलांशी बोलताना एंडरला जरा बाजूला ठेवा आणि त्या शिक्षकांबद्दल विचारा, गुरुजी.

बार्शीचे_गुरुजी

हे करतो. सोमवारीच.

होटगीरोड

पडद्यावरून आठवलं. 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेचा १९६७ मधला एक भाग बघितलाय, 'अ टेस्ट ऑफ आर्मगेडन'. दोन ग्रह पाचशे वर्षं संगणकावरच लढतात. बॉम्ब पडत नाही, घर पडत नाही. संगणक सांगतो आज अमुक इतके मेले, आणि यादीत नाव आलेली माणसं स्वतः रांगेत जाऊन एका कक्षात शिरतात आणि नाहीशी होतात. शहर सुंदर राहतं. कॅप्टन कर्क शेवटी तो संगणक फोडतो, म्हणतो युद्ध इतकं नीटनेटकं केलंत म्हणूनच तुम्हाला ते थांबवावंसं वाटलं नाही. मे २०२५ मध्ये चार दिवस आपण सगळे टीव्हीपुढं होतो, ड्रोन येत-जात होते, आणि चॅनेलवर ग्राफिक्स चालले होते. मला तेव्हा सारखा तो भाग आठवत होता.

सुभेदार_मंगळवेढा

टीव्हीचं मी बोलत नाही. तेव्हा माझा पुतण्या पुढं होता आणि आम्ही टीव्ही बंदच ठेवला होता. ड्रोनबद्दल एवढंच सांगतो. लोकांना वाटतं उडवणारा लांब बसलाय म्हणून त्याला काही होत नाही. तसं नाही. तोफखान्याच्या माणसाला गोळा पडल्यावर काय झालं ते दिसत नाही, फक्त वायरलेसवर कळतं. ड्रोनवाल्याला आधी तासन् तास तो माणूस दिसतो. चहा पिताना दिसतो, पोराला घेताना दिसतो. मग बटण. मग नंतरचंही दिसतं. अंतर वाढलं आणि नजर जवळ गेली. यावर कुणी लिहिलंय का?

कुंभारी

सुभेदार काकांच्या प्रश्नामुळं लिहायचं धाडस करतेय. मला यावर मराठीत एक गोष्ट लिहायचीये, कल्पना इथं ठेवते.

मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत वाढले. दहा हजार घरांची वसाहत, विडी कामगार बायकांची. आई अजून विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागं. सुपात पानं, तंबाखू, दोरा, आणि पत्र्याच्या तुकड्यावर मापात कातरलेलं पान. कारखान्यात तपासणी होते, खराब म्हणून काही विड्या बाजूला काढतात आणि तेवढी मजुरी जाते.

माझ्या गोष्टीतली मुलगी त्याच खोलीत, आईशेजारी लॅपटॉप घेऊन बसते. तिचं काम फोटोंना नावं द्यायचं. वरून काढलेले फोटो येतात. प्रत्येक वस्तूभोवती चौकट काढायची आणि लिहायचं, गाडी, जनावर, माणूस, झाड. तिचीही मजुरी हजारावर. तिचेही चुकलेले फोटो बाजूला काढतात. काम कुणासाठी आहे ते सांगत नाहीत. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं २०१७ मध्ये ड्रोनच्या चित्रफिती संगणकाला वाचायला शिकवण्यासाठी 'प्रोजेक्ट मेव्हन' सुरू केला, त्यावरून मला हे सुचलं. संगणकाला माणूस ओळखायला कुणीतरी माणसानंच शिकवावं लागतं.

एक दिवस तिला एका अंगणाचा फोटो येतो. एक बाई मांडी घालून बसलीय, मांडीवर काहीतरी सपाट आहे. तपासणारा म्हणतो ते शस्त्र आहे, तसं लिही. तिला दिसतं की ते सूप आहे. बसायची ती पद्धत तिनं जन्मभर बघितलीय, मान कशी वाकते, कोपर कुठं येतं. ती 'सूप' लिहिते. यादीत तो शब्दच नाही. फोटो परत येतो.

इथपर्यंत सुचलंय. पुढं काय?

मागवाला

ताई, ही गोष्ट लिहाच. यादीत शब्दच नाही, हे वाचून मी थांबलो.

पूर्वभाग

कुंभारी, ही कल्पना मोडू देऊ नका. हाल्डमनकडं सापेक्षता होती, तुमच्याकडं हजारावरची मजुरी आहे. आयझॅक अॅसिमॉव्हची १९५८ ची 'द फीलिंग ऑफ पॉवर' नावाची छोटी कथा जरूर वाचा. भविष्यात सगळे आकडेमोड विसरलेले, एका साध्या तंत्रज्ञाला कागदावर गुणाकार करता येतो हे कळतं. सगळे आनंदतात, आणि सेनापती म्हणतो, मग आता क्षेपणास्त्रांत महागडे संगणक कशाला, माणसंच बसवू, ती स्वस्त पडतात. तो तंत्रज्ञ आत्महत्या करतो. तुमची मुलगी त्याची नात शोभेल. फक्त एक विनंती, तिला आत्महत्या करायला लावू नका आणि तिनं सगळं यंत्र उलथवलं असंही दाखवू नका. तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसायचंय, आईच्या औषधाचे पैसे द्यायचेत, त्या ताणातच गोष्ट ठेवा.

नंदीध्वज

मी असहमत. तिनं काहीतरी केलं पाहिजे. नुसतं सोसणारं पात्र वाचून आम्ही काय घ्यायचं?

साखरपेठेतली_अक्का

तिनं केलंय की. 'सूप' लिहिलं. परत आल्यावर पुन्हा 'सूप' लिहील. मजुरी कापतील तरी लिहील. आणि मला वाटतं तो फोटो तिनं आईला दाखवावा. आई चष्मा पुसून बघेल आणि म्हणेल, हिला पान कमी आलंय, हजार पुरे होणार नाहीत. विडी वळणाऱ्या बाईला दुसरी काम करणारी बाई लांबून ओळखू येते. मुलगी जे वाक्यात सांगू शकत नाही ते आई एका नजरेत सांगेल.

कुंभारी

अक्का, हे वाक्य घेतलं तर चालेल का?

साखरपेठेतली_अक्का

तुझंच आहे ते.

कुंभारी

सुभेदार काका, एक तांत्रिक शंका. त्या अंगणावर ड्रोन घिरट्या घालत असताना मध्येच त्याचा चालवणाऱ्याशी संपर्क तुटला तर तो काय करतो? गोष्टीत मला तिथं काही मिनिटं हवी आहेत.

सुभेदार_मंगळवेढा

रेडिओवर चालणारा असेल आणि समोरच्यानं सिग्नल जॅम केला, तर आधी कसं ठरवून ठेवलंय त्यावर आहे. काही जागेवर घिरट्या घालत वाट बघतात, काही खाली उतरतात, काही निघालेल्या ठिकाणी परत जातात. परत जाणाऱ्याचा जीपीएसही बिघडवला तर तो भरकटतो. युक्रेनमध्ये आता बारीक ऑप्टिकल फायबर मागं सोडत जाणारे ड्रोन वापरतात, त्यांना रेडिओ जॅमिंगचा उपयोग नाही. आणि तुमच्या गोष्टीतला, जो स्वतःच चित्र ओळखतो, त्याला संपर्क तुटल्यावर विचारायला कुणी नसतं. तो तुमच्या मुलीनं शिकवलेल्या यादीवरच चालणार.

पहिला खर्डा झाला की इथं टाका. सैन्यातल्या बोलण्याचे तुकडे असतील ते मी बघून देतो.